मधल्या सुट्टीतला डाव

माऊस टेबलाच्या कडेवरून निसटला आणि वायरीला लोंबकळत राहिला. मावशींनी तो उचलून जागेवर ठेवला आणि घामेजलेला हात रुमालाला पुसला.

"जरा हलवलं की बाण कुठल्या कुठे पळतो," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं नाही व्हायचं हे."

हेडक्लार्क खुर्ची ओढून शेजारी बसले. "कामाचं राहू द्या, मावशी. आधी पत्ते खेळा."

मावशींना वाटलं, चेष्टा करताहेत. पण हेडक्लार्कनी दोन-तीन ठिकाणी बोट दाबलं आणि पडद्यावर हिरव्या कापडावर मांडावा तसा पत्त्यांचा डाव पसरला. "हे मशीनबरोबर आलंय, आयतंच. लाल दश्शीवर काळी नव्वी. बटण दाबून धरायचं, ओढायचं, सोडायचं. चुकलं तर पत्ता आपला आपण घरी जातो. कोणी रागावत नाही."

मावशी या दाखल्यांच्या ऑफिसात शिपाई होत्या. नवरा इथेच कारकून होता. तो अचानक गेला, तेव्हा पदरात दोन मुली होत्या. ऑफिसनं त्याच्या जागी यांना घेतलं खरं, पण शिक्षण अर्धवट, म्हणून खुर्चीऐवजी दाराजवळचं स्टूल मिळालं. त्या स्टुलावर बसूनच त्यांनी पुढे राहिलेली परीक्षा दिली, मुलींची लग्नं लावली. आता कारकुनाची एक जागा रिकामी होत होती आणि मध्ये आड येत होती ती कॉम्प्युटरची परीक्षा.

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मावशी आतल्या रेकॉर्डरूममधल्या जुन्या मशीनवर बसू लागल्या. आधी पत्ता हातातून सुटायचा, मग सुटेनासा झाला. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की आपण हाताकडे बघतच नाही, नजर पत्त्यांवर आहे. शिकण्याचं निमित्त तिथेच संपलं होतं. तरी त्या रोज बसत राहिल्या, आणि हे कुणाला सांगितलं नाही.

सांगणार तरी काय? पाच भावंडांत त्या थोरल्या. गल्लीत पोरी खेळायच्या तेव्हा यांच्या कडेवर धाकटा भाऊ असायचा. खेळणाऱ्यांच्या चपला सांभाळायच्या आणि भांडण झालं की साक्ष द्यायची, एवढाच त्यांचा खेळाशी संबंध. पुढे संसार, आजारपणं, नोकरी. 'खेळ' असं त्यांना पन्नाशी गाठेपर्यंत कोणी म्हटलंच नव्हतं. आता राजा मोकळ्या जागी ठेवताना त्या स्वतःशीच हसायच्या. बाहेरून कोणी "मावशी, पाणी" म्हणून हाक मारली, तर एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "थांबा जरा, डाव चालू आहे." हाक मारणारा स्वतःच उठून पाणी घेऊन आला.

मग एक तक्रार झाली. पेन्शनच्या दाखल्यासाठी आलेले एक आजोबा खिडकीशी तासभर उभे होते. आतल्या कारकुनानं "सिस्टीम स्लो आहे" असं सांगून ठेवलेलं. त्याच्या चष्म्याच्या काचेत आजोबांना पत्ते दिसले. ते तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "कोण कोण खेळतं?"

सगळे छताकडे बघू लागले. ज्याच्या चष्म्यात पत्ते दिसले होते, तो तर असा चेहरा करून उभा की पत्ता म्हणजे घराचाच, दुसरा त्याला ठाऊक नाही.

"मी खेळते, साहेब," मावशी म्हणाल्या. "मधल्या सुट्टीत. आतल्या मशीनवर."

साहेब तापट नव्हते. उलट, बुचकळ्यात पडले. "मावशी, तुमचं ठीक आहे. पण मला सांगा, हे मशीनबरोबर येतंच कशाला? टेबल घेतलं तर टेबलवाला वर पत्त्यांचा जोड देतो का?"

"टेबल वापरायला शिकावं लागत नाही ना, साहेब. मी माऊस धरायला त्याच्यावरच शिकले."

"शिकलात ना? मग आता काढलं तर काय बिघडतं?"

मावशींच्या डोळ्यांसमोर ते आजोबा आले. नवरा गेल्यावर याच खिडकीशी त्या स्वतः उभ्या होत्या, धाकटी कडेवर, आणि आतला माणूस मित्राशी गप्पा मारत होता. त्या वेळी त्याच्यासमोर पत्ते दिसले असते तर?

"आजोबांचं बरोबर आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "खिडकीवरच्या मशीनमधून काढाच. आतलं एक राहू द्या. झाडणारी ताई पुढच्या खेपेला परीक्षेला बसणार आहे, तिला लागेल."

साहेबांनी विचार केला. तेवढ्यात मागे दोघांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं, ते त्यांनी पाहिलं. "एक ठेवलं तर उद्या सगळे आतच सापडतील. नाही मावशी. सगळ्यांतूनच जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाला आला तेव्हा मधली सुट्टी सुरू होती. रेकॉर्डरूममध्ये त्यानं पडद्यावर अर्धा डाव पाहिला आणि तो दाराशीच थांबला. "होऊ द्या, काकू. मी बाकीची मशीनं करून येतो."

तो परत आला तेव्हा मावशी तशाच बसल्या होत्या. एक राणी राजाखाली यायची राहिली होती आणि राजा दबलेला होता.

"सुटत नाही?"

"नाही."

"नवा लावून बघा. मला घाई नाही."

"नको. नव्याला अंत नसतो." त्या उठल्या आणि त्याला खुर्ची दिली. "काढा."

त्यानं बटणं दाबली. 'नक्की काढायचं का?' असं मशीननं विचारलं. त्यानं मावशींकडे पाहिलं, मावशींनी मान डोलावली.

परीक्षेत मावशी पास झाल्या, काठावर का होईना. टायपिंग मुंगीच्या पावलांचं, पण बाकीच्या कामांत हात अडखळला नाही. महिन्याभरात त्यांना खिडकीवरची खुर्ची मिळाली. धाकटीनं फोनमध्ये पत्त्यांचा खेळ घालून दिला. पण दर डावाला मध्येच कोणीतरी नाचत येऊन साबण विकायचं, तेव्हा मावशींनी तो काढून टाकायला लावला.

खिडकीवरच्या पहिल्या दिवशी त्यांनी रांगेतल्या एकालाही ताटकळवलं नाही. मधली सुट्टी झाली तशी खिडकीची फळी ओढली. आजूबाजूला सगळ्यांनी फोन काढले. कुणाच्या फोनमधून टणत्कार, कुणाच्या फोनमधून गोळीबार. साहेबांचा हुकूम मशीनपुरता होता.

मावशींनी डबा खाल्ला, धुऊन ठेवला. मग खुर्ची मागच्या खिडकीकडे वळवली. बाहेर सायकलस्टँड होतं, पत्र्यावर दोन कबुतरं होती. तेवढंच.

"मावशी," पलीकडून सवयीनं हाक आली, "चहाचं जरा सांगता का?"

"सुट्टी संपू दे," मावशी म्हणाल्या, आणि कबुतरांकडे बघत बसून राहिल्या.