पांढऱ्यात काय बघायचं

"छान हाय," भारती म्हणाली आणि साडीची घडी न मोडता ती परत पिशवीत सरकवली. "पण बस्ता तुमच्या दुकानात न्हाई बांधायचा."

माझी एक चप्पल काढून झाली होती, दुसरी अजून पायातच होती. दोन महिने ती पांढरी साडी मी काउंटरखाली जुन्या चादरीत गुंडाळून जपली होती. आमच्या पूजाचं लग्न बौद्ध पद्धतीनं, म्हणजे नवरीला पांढरी साडी. पांढऱ्यात चांगला माल रोज येत नाही, म्हणून आला त्याच दिवशी मी ती बाजूला काढली होती. बारीक रुपेरी काठ, अंगाला हलकी, मांडवात कितीही उकडलं तरी चिकटणार नाही अशी. सव्वीस वर्षं साड्या दाखवणाऱ्या बापानं लेकीसाठी काढलेली साडी होती ती. माझ्या बायकोनं ती उलगडूनसुद्धा पाहिली नाही, वर दुकानालाच नाही म्हणाली. माझं डोकंच फिरलं.

माझं नाव कल्याण. नगरच्या कापडबाजारात साड्यांच्या दुकानात मी सेल्समन आहे. लग्नाचे सगळे कपडे एकाच दुकानातून एकदम घ्यायचे, नवरीच्या साडीपासून आत्या-मावश्यांच्या मानाच्या साड्यांपर्यंत, याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. टेम्पो भरून माणसं येतात. गादीच्या अलीकडे आम्ही मांडी घालून बसतो, पलीकडे बायका. आजवर किती बस्ते बांधले याचा हिशोब नाही. पदर कसा दिसतो ते दाखवायला स्वतःच्या खांद्यावर साड्या टाकून टाकून मी हजार वेळा तरी नवरी झालो असेन. गुडघे गेले त्यात. हौस मात्र एकच राहिली होती. आपल्या लेकीच्या बस्त्याला गादीच्या पलीकडे बसायचं, पाणी मागायचं, चहा मागायचा आणि म्हणायचं, अजून दाखवा. शेठनी तर आपणहून सांगितलं होतं की त्या दिवशी कल्याणनं साडीला हात लावायचा नाही, त्यानं बसायचं, साड्या आम्ही काढू. दुकानातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. आता त्यांना काय तोंड दाखवू?

"कारण काय ते तरी सांग," मी म्हणालो.

तिनं सांगितलं, आणि तेही न चिडता, याचा मला जास्त राग आला. म्हणाली, तिथं सगळे तुमचे. शेठ हात जोडून उभे राहणार, कॉफी येणार, तुमचे दोस्त साड्या काढणार. मग मी नको कसं म्हणू? दहा साड्या उलगडून अकरावी मागू कशी?

"अगं, कोण नाही म्हणतंय तुला? माग की," मी म्हणालो.

"चोवीस वर्षांत तुमी आणलेली साडी मी एकदा तरी परत केली का?" तिनं विचारलं.

नव्हती केली. मला वाटलं, हे कौतुकच आहे. मी म्हणालो, मग झालं तर. त्यावर ती उठून पोळ्या लाटायला गेली.

चार दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. पूजा मधल्या मधे निरोप्या झाली. शेवटी ठरलं की बस्ता श्रीरामपूरला. नवरा मुलगा चेतन शिर्डीच्या एका हॉटेलात कामाला, त्याची आई छबूबाई तिकडून येणार, आम्ही नगरहून जाणार, म्हणजे दोघांना मधलं पडतं. दोन्हीकडचा बस्ता एकत्र आणि निवड आमच्याकडे, हे सोयरीक जमतानाच ठरलं होतं. शेठना मी खोटं सांगितलं, की मुलाकडच्यांचा फार आग्रह आहे. शेठ बरं म्हणाले. बाकीचे घड्या घालताना एकमेकांकडे बघत होते, ते मला दिसलं.

बाई आणि पुरुष खरेदी कशी करतात ते मला विचारा. पुरुष दुकानात येतो तो वस्तू उचलायला. बाहेरच्या पुतळ्याकडे बोट करतो, हे द्या म्हणतो, पिशवी घेतो, निघतो. बाई येते ती बघायला. ऐंशी साड्या उलगडून घेते, पहिली हातात धरते, दुसरीकडे डोळा ठेवते, जावेला विचारते, मग उठून म्हणते, पुन्हा येऊ. आम्ही हसतमुखानं घड्या घालतो आणि मनात काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही. त्या वेळी नवरे दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलेले असतात. मागे मिरजगावची एक पार्टी होती. नवऱ्यानं तीन तास कसेबसे काढले, मग उठला, समोरची हिरवी साडी उचलून बायकोच्या मांडीवर टाकली आणि म्हणाला, घे ही आणि चल. बाईनं मान हलवली. मला त्या माणसाचा राग आला होता. घरी येऊन मी भारतीला सांगितलंही होतं की काय एकेक नवरे असतात. मी तसला नव्हतो ना. मी बायकोला कधी बाजारात रखडवलं नाही. दिवाळीला एक आणि चौदा एप्रिलला एक, साडी घरपोच.

श्रीरामपूरच्या त्या दुकानात साड्या काढायला मुजफ्फर नावाचा माझ्याच वयाचा माणूस होता. हात सफाईचा होता. मी पलीकडे बसायला गेलो तर भारती म्हणाली, तुमचे गुडघे दुखतात, तुमी खुर्चीवर बसा. गुडघ्यांची काळजी चोवीस वर्षांत याच दिवशी उगवावी. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो. शेजारी आणखी दोन नवरे मोबाईल बघत होते.

साडेअकराला सुरुवात झाली. दीड वाजला तरी पांढऱ्या साडीवरच अडलेलं. भारती एकेक साडी दारात आणून उन्हात बघत होती. कापड चिमटीत चोळत होती. पूजाच्या डोक्यावर पदर टाकत होती, लांब जाऊन बघत होती, पुन्हा जवळ येत होती. छबूबाई म्हणत, ईनबाई, ही बरी हाय की. भारती हसून म्हणे, थांबा, अजून एक बघू. मी दोनदा घड्याळ बघितलं, मग बघतच राहिलो. घरात पिशवीत एक उत्तम साडी पडलेली, माझ्या हातानं काढलेली, आणि ही बाई परक्या गावात परक्या माणसाकडून पंचविसावी पांढरी साडी उलगडून घेते आहे. पोटात भूक आणि डोक्यात राग, दोन्ही एकदमच वर आले. मी उठलो, गादीजवळ गेलो आणि सगळ्यात वरची साडी उचलून पूजाच्या हातात दिली.

"पांढऱ्यात काय बघायचं एवढं? घ्या ही आणि चला."

मुजफ्फरनं मान खाली घातली. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या घरातलं काही झालं की मान खाली घालतात, मीही घालतो. छबूबाई दुसरीकडे बघायला लागल्या. भारतीनं पूजाच्या हातातली ती साडी घेतली, गादीवर ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"तुमी आणलेल्या साडीचा जरीचा काठ काळा पडतो," ती म्हणाली. "दोन धुण्यांत. तुमाला ठाव न्हाई का?"

मला माहीत होतं. मी लग्नाच्या एका दिवसाचा विचार केला होता.

"लग्न एक दिवसाचं हाय. पुढं दर वर्सी जयंतीला, बुद्धपौर्णिमेला पोरगी हीच नेसनार. मिरवणुकीत उन्हात चालनार. पोरं झाली की त्यांचे हात लागनार. घरी धुवावी लागनार, दर खेपंला कोन लाँड्रीत देतंय? आन् मांडवातल्या लाइटीत आरपार दिसती का, ते पन बघायचं. एवढं सगळं बघायचं आस्तं पांढऱ्यात."

ती ओरडली नाही. मुजफ्फरनं हळूच मागच्या फळीवरून एक गठ्ठा काढला आणि म्हणाला, ताई, मग तुम्हाला विणलेल्या काठाची पाहिजे, जरीची नको, हे आधी बोलायचं ना. खरं तर हा प्रश्न सेल्समननं आधी विचारायचा असतो. मी तो रोज परक्या बायकांना विचारतो, की कशासाठी हवी, कोण नेसणार, कुठे नेसणार. घरी कधी विचारला नव्हता.

मी परत खुर्चीवर येऊन बसलो. शेजारचा माणूस मोबाईलवरून डोळे काढून आपुलकीनं म्हणाला, "लई वेळ लावत्यात ओ या बाया." त्याला वाटलं आपला जोडीदार मिळाला. दोन मिनिटांपूर्वी मी तेच करून आलो होतो, फक्त मिरजगावच्या माणसानं तीन तास धीर धरला होता आणि मी दोनच.

त्या गठ्ठ्यातली तिसरी साडी भारतीनं धरली आणि सोडलीच नाही. पूजाला नेसवून बघितली. पोरगी आरशासमोर उभी राहिली तेव्हा दुकानातल्या दुसऱ्या बायकाही वळून बघायला लागल्या. माझ्या साडीपेक्षा ती उजवी होती. मला हे लांबूनच कळत होतं आणि कबूल करणं जड जात होतं.

मग मात्र भारतीचा हात असा चालला की मी बघतच राहिलो. थोरल्या आत्याला मोरपंखी, ती उजळ आहे. मावशीला लहान काठ, ती बुटकी आहे. चेतनच्या बहिणीला वांगी रंग, साखरपुड्यात तिनं तोच नेसला होता आणि सारखी स्वतःकडे बघत होती. छबूबाईंना मऊ सुती, कारण त्यांच्या खांद्याला जड पदर सोसत नाही. छबूबाईंना हे ऐकून भरून आलं. अकरा बायकांच्या अकरा साड्या तासाभरात निघाल्या, कुणाच्या बाबतीत ती अडली नाही. असं गिऱ्हाईक आणि असा सेल्समन, दोन्ही मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

"आता तुमची, ताई," मुजफ्फर म्हणाला. "नवरीच्या आईची. कोणता रंग काढू?"

भारतीनं तोंड उघडलं आणि थांबली. तिचा हात गादीवर तसाच राहिला. तिनं फळ्यांकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मुजफ्फर वाट बघत होता. मग ती माझ्याकडे वळली, चेहरा थोडा हसरा, थोडा ओशाळलेला.

"अहो, मला कोन्चा रंग आवडतो ओ?"

पूजा हसली. तिला ती गंमत वाटली. मीही हसायला गेलो आणि मला उत्तर येईना. बाई दुकानात चढताना तिच्या चपलांवरून मी सांगू शकतो की ही काय घेणार. हिचं मला सांगता येईना. डोळ्यासमोर घरातलं कपाट आणलं, तर त्यात मातकट, फिक्का गुलाबी, शेवाळी असे रंग होते. ते तिचे रंग नव्हते. सीझन संपला की जो माल उरतो तो नोकरांना मिळतो, त्यातून मी उचललेले होते. हे मी आजवर कुणाला बोललो नाही, इथे सांगतो. चोवीस वर्षं मी तिला घरी नेऊन दिली ती प्रत्येक साडी नगरच्या बायकांनी आधी नको म्हटलेली होती. नको म्हणायची मुभा नव्हती ती एकट्या माझ्या बायकोला.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मला बी न्हाई," ती म्हणाली.

मुजफ्फरनं सगळे रंग काढले. बिचाऱ्यानं कंटाळा केला नाही. भारतीनं प्रत्येकावरून हात फिरवला, एक-दोन खांद्यावर टाकून आरशात बघितल्या आणि काढून ठेवल्या. शेवटी म्हणाली, आज राहू द्या दादा, मला बघावं लागंल. छबूबाईंनी आग्रह केला, पूजानं केला. ती ऐकेना. आणि मला आतून वाटत होतं की घे बाई एखादी, घे आणि मला सोडव. ते मी बोललो नाही, एवढंच काय ते शहाणपण.

छबूबाई शिर्डीच्या गाडीला गेल्या, पूजा त्यांना बसवायला स्टँडवर. आम्ही दोघं मागून मेनरोडनं स्टँडकडे निघालो, बस्त्याचं गाठोडं माझ्या खांद्यावर. पहिल्याच दुकानाच्या काचेसमोर भारती थांबली. आत पुतळ्याला साडी नेसवलेली होती. ती बघत राहिली, डोकं एका बाजूला कलतं करून. मग पुढच्या काचेसमोर थांबली, मग त्याच्या पुढच्या. तिला आज काही घ्यायचं नव्हतं. पाचची नगर गाडी गेली असणार, गुडघे ठणकत होते आणि चिडचिड होत होती, ती कुणावर काढावी ते समजत नव्हतं.

मागे न बघता तिनं विचारलं, गाडीला उशीर व्हतोय का. मी नाही म्हणालो आणि गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानांकडे निघाली.