मिसबाहच्या गाडीचा आखूड दांडा

चूक माझी होती, आणि ती मी निव्वळ दमल्यामुळे केली.

मंगळवारी दुपारी एका पिकअपच्या पोटाखालून सरपटत बाहेर आलो. कंबर धरलेली, दाढीत तेल. बघतो तर गॅरेजच्या दारात लुजैन उभी, सोबत तिचे मोठे काका. लुजैन म्हणजे मिसबाहची एकुलती एक मुलगी. आणि मिसबाह म्हणजे माझा तीस वर्षांचा सोबती. रुम्मानच्या चढावरच्या शर्यतीत तो गाडी पळवायचा आणि मी ती आदल्या आठवड्यात त्याच्यासाठी जुळवून द्यायचो. गेल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला. पाय वाचले, जीभ वाचली, उजवा हात मात्र अर्धाच परत आला, आणि आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताचा.

मी दोघांना बसवलं, थर्मासमधली कॉफी ओतली. दोघांनी कप उचलले आणि न पिता समोर ठेवून दिले.

आमच्या अरबांकडे त्याचा अर्थ एकच. माणूस मागणं घेऊन आलाय. यजमान 'पी, तुझं काम झालं' म्हणत नाही तोवर कप ओठाला लागायचा नाही, आणि एकदा म्हटलं की शब्द फिरवायचा नाही. माझे वडील मागणं ऐकायच्या आधीच 'पी' म्हणायचे. त्यांचं मन तेवढं मोठं होतं. मीही त्या दिवशी न ऐकताच म्हणालो, पण मन मोठं म्हणून नव्हे. हे दोघं लवकर उठले तर अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाआधी पाठ टेकता येईल, एवढाच हिशोब होता.

"पी बेटी, तुझं काम झालं."

लुजैनने माझ्याकडे नीट पाहिलं. "अम्मो," काकाला आमच्याकडे असंच म्हणतात, "ऐकून तरी घ्या."

"झालं म्हटलं ना."

तिने कप एका घोटात संपवला आणि मग सांगितलं. "बाबा उद्या गाडी घेऊन येतील. ती इथून चालवण्यासारखी बाहेर जाता कामा नये. परवा सॉल्ट गावाच्या चढावर त्यांना तिसरा गिअर सापडेना. गाडी मागे यायला लागली. मागे ट्रक होता, अम्मो. मी शेजारी बसले होते."

मी काकांकडे पाहिलं. ते आपली कॉफी सावकाश पीत होते. शब्द देऊन बसलो होतो.

बुधवारी सकाळी मिसबाह आला. त्याची लाल, दोन आसनांची, उघडी जपानी गाडी, एक्याण्णव सालची. आली ती पहिल्या गिअरमध्येच घुरघुरत. मी टेपवर शेखसाहेबांचं गाऊन सांगितलेलं प्रवचन लावलं होतं. हजरत अय्यूबच्या आजारपणाची कथा चालली होती. शेखसाहेब 'सब्र', म्हणजे धीर, हा एकच शब्द सात वेळा सात सुरांत घेतात, ती जागा आली की माझ्या हातातला पाना थांबतो.

"अबू सनद, बंद कर ते रडगाणं," मिसबाह गाडीतूनच ओरडला. "अय्यूबला निदान गाडी तरी चालवायची नव्हती."

"तौबा कर, म्हाताऱ्या."

"तूच कर, तुझी पापं जास्त आहेत." त्याने डाव्या हाताने एक खोकं माझ्यापुढे धरलं. "हे बघ. भाच्याने दुबईहून पाठवलंय. शॉर्ट शिफ्टर."

दांडा हातात घेऊन बघितला. चांगला होता, पोलादी. गिअरचा दांडा एका गोळ्यावर डुलतो. गोळ्याखालची त्याची शेपूट लांब केली की वर मुठीला थोडंच हलवावं लागतं. तरणी पोरं हौसेने बसवतात, झटकन गिअर पडतो म्हणून.

"तिसऱ्यासाठी हात पुढे न्यावा लागतो," मिसबाह म्हणाला. आता आवाजात थट्टा नव्हती. "खांदा तिथपर्यंत जातच नाही. अंतर निम्मं झालं तर जाईल. ही गाडी गेली तर मी दिवसभर घरात बसून लुजैनने लावलेल्या स्वयंपाकाच्या मालिका बघायच्या. एवढा एकच उपाय आहे. बसव."

"मिसबाह, दरवाजा बिजागरीजवळ धरून ढकलून बघ. अंतर कमी लागतं, पण जोर? या दांड्याचं तसंच आहे. वाट आखूड झाली की भार तुझ्या तळहातावर येणार."

"आता तूही प्रवचन सांगायला लागलास. सूर तेवढा नाही. बसव म्हणतो ना!"

मी बसवायला घेतलं. त्याचं मागणं पुरं करताना लुजैनचं आपोआप होणार होतं, हे मला दिसत होतं, आणि त्याचं मला काही बरं वाटत नव्हतं.

मूठ फिरवून काढली, मधला खण उचलला. खालचा रबरी बूट, म्हणजे दांड्याभोवतीचं आवरण, फाटून चिंध्या झालेला. तीस वर्षांची उष्णता तिथून वर येत होती. तीन बोल्ट सोडले, जुना दांडा उपसला. खालच्या खोबणीतलं तेल काळं, डांबरासारखं. ते शोषून काढलं, नवं ओतलं. गोळ्याखालची नायलॉनची वाटी झिजून अंड्याच्या टरफलाएवढी पातळ उरली होती.

खरं सांगतो, तिथे मनात आलं. वाटी घालूच नये. दांडा खुळखुळेल, गिअर सापडणार नाहीत, आणि मी मान हलवून म्हणेन, जुनी गाडी, नशीब. शब्दही पाळला जाईल आणि मला दुसरं काही बोलावं लागणार नाही. पण हात ऐकेनात. चाळीस वर्षं त्यांना एकच काम शिकवलंय. नवी वाटी घातली, ग्रीस लावलं, नवा बूट चढवला. वाकताना कंबर बोंबलत होती. बिस्मिल्लाह म्हणत शेवटचा बोल्ट आवळला.

"बस," म्हटलं.

मिसबाह बसला. इंजिन चालू केलं, क्लच दाबला. पहिला पडला. अंगण ओलांडताना त्याने दुसऱ्यासाठी दांडा ओढला. दांडा हलला नाही. त्याने दात आवळले. मग स्टिअरिंग सोडून डावा हातही दांड्यावर आणला, आणि गाडी आपली आपण टायरांच्या ढिगाकडे निघाली. ब्रेक लागला, इंजिन बंद पडलं.

बराच वेळ तो मनगट चोळत बसला.

"नवीन आहे. तेल गरम झालं की हलका होईल ना?"

हो म्हणालो असतो तर त्याने महिनाभर त्या दांड्याशी झटापट केली असती. "नाही," मी म्हणालो. "असाच राहील."

"मग जुना बसव. तिसऱ्याचं बघू काहीतरी."

मी गाडीच्या दाराला टेकलो. उभं राहवत नव्हतं. लुजैनचं काम झालंच होतं, गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती आणि ती गिळून मला त्याच्याशी बोलता आलं नसतं.

"जुन्याची गरज नाही. याच दांड्याला वरून चार बोटं तुकडा जोडला की मूठ स्टिअरिंगजवळ येते. हात पुढे न्यायला नको, जोरही कमी लागेल. लेथवर तासाभराचं काम. पण मी ते करणार नाही, मिसबाह. लुजैन आली होती. तिने कप समोर ठेवला, आणि मी न ऐकताच 'पी' म्हणालो."

तो वळला. "न ऐकता?"

"दमलो होतो."

"गाढवा," तो म्हणाला. मग, "प्यायली?"

"एका घोटात."

"आईवर गेलीय." तो हसला, पण ते हसू तिथेच संपलं. "दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं तर तुझाच शब्द पडेल ना."

"तुझं तू बघ. मी तुला सांगून मोकळा झालो."

त्याने चार बोटं मुठीवर उभी धरून अंदाज घेतला. "चार बोटं. आणि पुढच्या वर्षी हात अजून सुकला की आणखी चार?"

"तोवर दांडा छतातून बाहेर काढू."

"या गाडीला छत आहे कुठे, मूर्खा." तो दांड्याकडे बघत राहिला. "त्या दिवशी गाडी मागे येत होती ना, तेव्हा पोरगी ओरडलीसुद्धा नाही. नुसतं दाराचं हँडल घट्ट धरून बसली. मी ते पाहिलं आणि तरी तुझ्याकडे हे खोकं घेऊन आलो." त्याने श्वास सोडला. "राहू दे. आखूडच राहू दे. जुना बसवलास तर मी परत चढावर जाईन, मला मी ठाऊक आहे. हा निदान तोंडावर नाही म्हणतो."

उतरायला त्याला वेळ लागला. मी हात दिला नाही. दिलेला त्याला चालला नसता. गाडीला वळसा घालून तो दुसऱ्या बाजूच्या आसनावर बसला. त्या आसनावर मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"चल, घरी सोड," तो म्हणाला. "तू काय बसवलंयस ते ऐकू तरी दे."

अंगावरचे तेलकट कपडे तसेच ठेवून मी बसलो. आमच्या बयादर वस्तीच्या गर्दीतून बाहेर पडलो आणि वादी सीरच्या उताराला लागलो. दांडा असा पडत होता की काय सांगू! मनगट वळायच्या आत गिअर आपल्या जागी. इतकं नेटकं काम माझ्या हातून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं, आणि ज्याच्यासाठी केलं त्याला ते हलवता येत नव्हतं. ओढ्याशी उतार संपला आणि त्याच्या घराचा चढ सुरू झाला.

मिसबाहने डोळे मिटले होते. उजवा हात मांडीवर पडलेला. इंजिनचा आवाज चढत गेला.

"तीन," तो म्हणाला.

मी दुसऱ्यातच ठेवली.

"तीन, गाढवा! गाडीचा गळा दाबतोयस. तीन टाक!"

मी तीन टाकला. त्याने मान हलवली, डोळे मिटूनच. "आता ऐकून चालव. मी सांगेन तेव्हाच."

वर फाटकाशी लुजैन उभी होती. आधी तिने स्टिअरिंगवर मला पाहिलं, मग बाजूला त्याला.

"पुढे जा, पुढे," मिसबाह म्हणाला. "टेकडीच्या टोकापर्यंत. तिला थांबू दे थोडं."

मी फाटक मागे टाकलं.