आजीच्या झोपेवर मोजलेला वेग

मित्रांनो, मी एक जुनी हायब्रिड गाडी आहे. पुढे पेट्रोलचं इंजिन, मागच्या सीटखाली बॅटरी आणि इंजिनाच्या मदतीला एक विजेची मोटर. कारखान्यात माझ्या काचा जाड केल्या, दारांना रबराच्या दुहेरी पट्ट्या लावल्या, सीटा मऊ ठेवल्या. आत बसलेल्यांना बाहेरचं काही जाणवू नये, अशीच माझी घडण.

ज्या घरी मी आले तिथे बाबा, आई, आजी आणि पोहणारी ताई होती. शहरात माझं फार कौतुक झालं. सिग्नलला ब्रेक लागला की चाकांची गती वाया न जाता बॅटरीत साठायची, आणि सिग्नल सुटला की तीच वीज मला पुढे ढकलायची. "पेट्रोल नुसतं हुंगते ही," असं बाबा शेजाऱ्यांना सांगत.

या घराची एक पद्धत होती. माझ्या आधीची गाडी जरा वेगात गेली की खुळखुळ्यासारखी वाजायची. मग आजी जागी होऊन म्हणायची, "अरे, मागे वाघ लागलाय का?" त्यामुळे बाबांना वेगाचा काटा बघायची सवयच राहिली नव्हती. आजी झोपली आहे, म्हणजे वेग बेताचा. माझ्यात मात्र आजी कोपरा वळण्याआधीच घोरू लागायची.

त्या सकाळी दुसऱ्या शहरात ताईची निवडचाचणी होती. वर्षभर ती त्या एका शर्यतीसाठी पोहली होती. आजीचा चष्मा राहिला म्हणून वाटेतून परत फिरावं लागलं, आणि हायवेला लागताच बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "अहो, जरा जास्तच होतंय का?"

बाबांनी आरशात पाहिलं. "तुझ्या सासूबाई ढाराढूर आहेत. कसलं जास्त?"

माझा काटा तेव्हा एकशे तीसच्या पुढे होता.

मग लांबलचक चढ लागला. हायवेवर ब्रेक क्वचित लागतात, त्यामुळे बॅटरीत भर पडत नाही. चढावर खर्च मात्र सुरूच असतो. बॅटरी तळाला गेली. पुढे शेजारच्या लेनमध्ये एक कंटेनर होता, आणि आमची लेन संपत असल्याची पाटी दिसत होती. त्याच्या आधी निघून जाऊ, असं बाबांना वाटलं. शहरात मी द्यायचे तो धक्का त्यांनी गृहीत धरला होता. त्यांनी पाय तळापर्यंत दाबला. इंजिन किंचाळलं, पण धक्का आला नाही.

कंटेनरचं चाक ताईच्या खिडकीशी फिरत होतं. समोर लेन बंद करणारी नारिंगी पिंपं जवळ येत होती.

"बाबा, मागे व्हा."

"उशीर होईल गं."

"होऊ दे. मागे व्हा."

बाबांनी ब्रेक दाबला. माझं नाक खाली गेलं, मऊ स्प्रिंगांवर मी डावीउजवीकडे डोलले, टायर घसरले आणि त्यांनी पुन्हा रस्ता धरला. एक पिंप माझा आरसा मुडपून गेलं. कंटेनर पुढे सरकला आणि आम्ही कसेबसे त्याच्या मागे शिरलो.

आजी जागी झाली. "पोचलो का रे?"



तिथून आम्ही सावकाश गेलो. तलावापाशी पोचताच ताई धावत आत गेली आणि खांद्यावर कोरडाच टॉवेल घेऊन परत आली. बाबा स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "माझ्यामुळे वर्ष गेलं तुझं."

ताई पुढच्या सीटवर येऊन बसली. तिचे डोळे लाल होते. "निघा," ती म्हणाली. "काटा मी वाचते. तुम्ही रस्ता बघा."

घर येईपर्यंत ती मोठ्याने आकडे सांगत राहिली आणि बाबा प्रत्येक आकड्याला "हो" म्हणत राहिले.

मित्रांनो, हायवे मला झेपतो. एका संथ चालीने तुम्हाला न थकवता मी दूरवर नेईन. पण मी शांत आहे म्हणून मला हळू समजू नका. तुम्हाला वेग जाणवू न देणं हे माझं काम. तो ओळखणं तुमचं. ते काम तेवढं माझ्यावर सोडू नका.