ताडपत्रीखालचा तिसरा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जेवणाचा नव्हे आणि आगगाडीचाही नव्हे. उंच लोखंडी रुळांवर साखळीने ओढत वर नेतात आणि मग सोडून देतात, अशी चार डब्यांची एक गाडी असते. शहरात तिला रोलर कोस्टर म्हणतात. आमच्या फाट्यावर तिला नुसते पाळणा म्हणतात. त्या गाडीचा मी तिसरा डबा. माझ्यात दोन बाके आहेत, चार माणसे बसतात. सध्या मी वारंगा फाट्यावर एका बागेच्या फाटकाजवळ उभा आहे आणि माझी चाके काढलेली आहेत. ती का काढली, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

माझा जन्म एका मोठ्या शहराबाहेरच्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझे अंग केले, मांडीवर येणारा दांडा बसवला आणि लाल रंग दिला. पोटाखाली तीन तऱ्हेची चाके लावली. काही रुळावरून धावणारी, काही बाजूने धरणारी आणि काही रुळाच्या खालून पकडणारी. आमचा चढ सव्वीस फुटांचा होता. त्यापुढची वळणे त्याच मापाने वाकवलेली होती.

त्या शहरातल्या एका बागेत मी एकोणीस वर्षे धावलो. रविवारी रांग कुंपणाच्या बाहेर जाई. दर गुरुवारी टक्कल पडलेले एक गृहस्थ एकटेच येत आणि माझ्याच मागच्या बाकावर बसत. ते कधी ओरडले नाहीत. उतरताना माझ्या कडेवर दोनदा थोपटून जात. पुढे शेजारी आमच्याहून मोठी गाडी उभी राहिली आणि रांग तिकडे वळली. गृहस्थही तिकडेच गेले असावेत. मग ती बागच बंद पडली. आम्हाला सुटे करून गवतात टाकले. दोन वर्षे मी तिथे पडून होतो. माझ्या मागच्या बाकाखाली मुंगसाने पिल्ले घातली. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तिथून आम्हाला विश्वंभररावांनी आणले. हे जवळच्या डोंगरकडा गावचे केळीचे बागायतदार. फाट्यावर रस्त्याला लागून त्यांनी एक बाग केली होती. झोके, घसरगुंडी, पायाने चालवायच्या चार होड्या. प्रवासात एकदा त्यांनी रोलर कोस्टर पाहिली होती आणि तेव्हापासून ती त्यांच्या डोक्यात बसली होती. आमची जोडणी करायला त्यांनी नेमसिंग मिस्त्रींना बोलावले. मिस्त्री कळमनुरीकडच्या तांड्यावरचे. वीस वर्षे त्यांनी जत्रांमधले आकाशपाळणे उभे केले होते. ते फार बोलत नसत.

हळद शिजवायच्या दिवसांत दोन ट्रक भरून आम्ही आलो. साऱ्या फाट्याला हळदीचा वास होता. विश्वंभरराव मिस्त्रींना म्हणाले, "कुणाला काही सांगायचं न्हाई. एकदमच दाखवू." आमच्यावर निळी ताडपत्री टाकली. तिला माझ्या नाकासमोर एक भोक होते. त्यातून मला कुंपण, रस्ता आणि समोरचे नासेरभाईंचे टायर पंक्चरचे दुकान दिसे.

झाकलेल्या वस्तूची किंमत उघड्या वस्तूपेक्षा जास्त असते, हे मला त्या दिवसांत कळले. ज्यांनी बागेकडे कधी मान वळवली नव्हती, ते कुंपणाला टेकून उभे राहू लागले. त्यांत पुढे असायचा बालाजी. तो हिंगोलीकडच्या गोरेगावची प्रवासी जीप चालवायचा आणि फाट्यावर आला की प्रवाशांना जीपमध्ये ठेवून कुंपणाशी यायचा.

"इमान हाय," तो पहिल्या दिवशी म्हणाला. "जुनं इमान आणून त्यात हाटेल काढून राहिले."

"इमानाला येवढे रूळ कशाला?" नासेरभाई दुकानातून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या विमानाची बोट झाली. तिसऱ्या दिवशी उसाच्या कारखान्याचे यंत्र झाले आणि चौथ्या दिवशी मोठा पाळणा. बालाजीने मोबाइलवर एक गट काढला आणि त्याला 'फाट्याचा पाळणा' असे नाव दिले. आठवड्यात त्यात चारशे माणसे जमली. डोंगरकड्याची, गोरेगावची, थेट हिंगोलीची. बालाजी आलेले निरोप मोठ्या आवाजात लावायचा, त्यामुळे मलाही ते ऐकू यायचे. कुणी म्हणे गाडी रस्त्यावरून पलीकडे जाणार. कुणी परदेशातल्या बागेचा फोटो टाकून हाच तो पाळणा, म्हणून शपथ घेई. मी तिथेच होतो, पण मला कोण विचारणार!

त्याचे खरे रूप ओळखले ते एकाच मुलीने. नासेरभाईंची मुलगी आफिफा. ती मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. रोलर कोस्टरचे शेकडो व्हिडिओ तिने पाहिले होते, बसली मात्र एकदाही नव्हती. मिस्त्रींनी खांबांसाठी खड्डे घेतले तेव्हा तिने ते कुंपणाबाहेरून मोजले. चौदा खड्डे. दोन खड्ड्यांमधले अंतर तिने कुंपणाच्या कडेने पावले टाकून काढले. मग दुकानात बसून चौकटीच्या कागदावर चित्र काढले. चढ, उतार, दोन वळणे. वळणे जवळजवळ बरोबर होती. खड्ड्यांच्या खोलीवरून चढाची उंची तिने चाळीस फूट लिहिली. तिथे ती चुकली, कारण जमीन भुसभुशीत म्हणून मिस्त्रींनी खड्डे जास्त खोल घेतले होते आणि ते कारण तिला माहीत नव्हते. चित्राच्या कोपऱ्यात तिने लिहिले होते, 'हा फक्त अंदाज आहे.'

बालाजीने त्या कागदाचा फोटो काढला. फोटोत तो कोपरा आला नाही.

संध्याकाळपर्यंत चाळीस फूट सगळीकडे झाले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या चित्रावर लाल रेघेने एक गोल काढला आणि गाडी माणसांना उलटी करणार, अशी बातमी झाली. लोक विश्वंभररावांना बाजारात थांबवून हात मिळवू लागले. "चाळीस फूट म्हणे, भाऊ." ते हसायचे. हो म्हणायचे नाहीत, नाहीही म्हणायचे नाहीत.

एका दुपारी ते ताडपत्री उचलून आत आले आणि माझ्या पुढच्या बाकावर बसले. गटातले निरोप त्यांनी एकामागून एक ऐकले. एका निरोपात एक बाई म्हणत होती, "आमच्या जिल्ह्यात असं काहीच नव्हतं. आता लोक आपल्याकडं येतील." तो निरोप त्यांनी तीनदा लावला. मग मिस्त्रींना हाक मारली.

"मिस्त्री, चढ चाळीस फूट करा."

नेमसिंग मिस्त्री म्हणाले, "मालक, चढ वाढवला की वळण बी बदलावं लागतंय. वळण सव्वीस फुटाचंच हाय."

"चौदा फुटानं काय होतंय?"

"मला सांगता येत न्हाई काय होतंय. म्हणूनच भेव वाटतंय." मग ते म्हणाले, "मी जोडून देतो. पण आधी वाळूची पोती बसवायची. माणूस नंतर."

विश्वंभररावांनी मान डोलवली.

नवे लांब खांब आले. आमच्यावरची ताडपत्री निघाली, आम्हाला रुळांवर चढवले. आफिफाने समोरून चढाची उंची पाहिली, वहीतला कागद काढला आणि पुन्हा वर पाहिले. ती वडिलांना म्हणाली, "अब्बा, ये तो मेरा अंदाज था. इन्हों वैसाच बना रहे." नासेरभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "मग त्यांना जाऊन सांग," ते म्हणाले. हे ते मराठीत म्हणाले, कारण दुकानात गिऱ्हाईक होते.

ती रस्ता ओलांडून आली. विश्वंभरराव माझ्याजवळच उभे होते.

"काका, ते चित्र चुकीचं हाय. मी अंदाजानं काढलं होतं. तसं बांधू नका."

"पोरी, आता चारशे लोकांनी वाचलंय ते."

"वाचलं त्यांनी. बसणार बी तेच हायेत."

रविवारी चाचणी आहे, एवढेच ते म्हणाले.

त्याच दिवशी आफिफाने गटात लिहिले की चाळीस फूट हा माझा अंदाज होता, मी चुकले. लोकांनी ते मानले नाही. मालकाने तिला गप्प बसवले, नक्कीच आणखी मोठे काहीतरी येणार, असे ठरले. बालाजी दुकानासमोर जीप थांबवून तिला म्हणाला, "आता तर पन्नास फूट असंल. काहून लपवून राहिली?" आफिफा आत निघून गेली.

रविवारी सकाळी कुंपणाभोवती इतकी माणसे जमली की रस्त्यावरच्या गाड्या हळू झाल्या. नेमसिंग मिस्त्रींनी प्रत्येक जागेवर वाळूचे एकेक पोते ठेवले, वरून दांडा लावला आणि दोरीने आवळले. तेवढ्यात विश्वंभरराव नवा पांढरा सदरा घालून आले. त्यांनी माझ्या पुढच्या बाकावरची दोन्ही पोती खाली उतरवली.

"मी बसतो," ते म्हणाले. "मालक बसला तर लोकांचा भरवसा बसंल."

"आपलं काय ठरलं होतं?" मिस्त्री म्हणाले.

"ठरलं होतं. पण लोक बघून राहिले, मिस्त्री."

ते बसले. कुंपणाबाहेरून टाळ्या आल्या. मिस्त्रींनी यंत्राच्या खटक्यावरचा हात काढून घेतला आणि ते तसेच उभे राहिले. तेव्हा फाटकातून आफिफा आत आली. तिने ओढणी कमरेला बांधली होती. ती सरळ माझ्याजवळ आली आणि विश्वंभररावांच्या शेजारी बसली.

"उतर," ते म्हणाले.

"तुमी बसणार असाल तर मी बी बसते. चित्र माझं हाय."

"आफिफा, उतर खाली."

"तुमचा भरवसा हाय ना, काका? मग मी बसले तर काय झालं?"

रस्त्यापलीकडे नासेरभाई दुकानाच्या पायरीवर उभे होते. ते आले नाहीत आणि त्यांनी हाकही मारली नाही. दोन्ही हात त्यांनी खांद्यावरच्या फडक्यात गुंडाळून धरले होते. विश्वंभररावांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचा हात माझ्या दांड्यावर होता आणि तो घामाने ओला झालेला मला कळत होता. मी जन्मभर माणसांचे हात ओळखत आलो आहे. भीतीचा हात घट्ट असतो. हा सैल होत गेला.

त्यांनी दांडा वर उचलला. "चल," ते म्हणाले, "दोघं बी उतरू."

बाहेर थोडी हुर्यो झाली. मिस्त्रींनी दोन्ही पोती परत बसवली, दोरी आवळली आणि खटका ओढला.

साखळीने आम्हाला वर नेले. इतक्या उंचावर मी कधी गेलो नव्हतो. केळीच्या बागा दिसल्या, नांदेडकडे जाणारा रस्ता दिसला. मग आम्ही सुटलो. उतार संपला आणि पहिले वळण आले तेव्हा आमचा वेग त्या वळणाला पेलणारा नव्हता. माझे सारे वजन एका अंगाला गेले. रुळाला खालून धरणाऱ्या चाकाची पट्टी तडकली आणि मी एका बाजूने उचलला गेलो. पुढच्या-मागच्या डब्यांनी मला धरून ठेवले म्हणून मी पडलो नाही. पण पुढच्या बाकावरचे बाहेरच्या बाजूचे पोते दोरी तोडून निघाले, कुंपणावरून गेले आणि बालाजीच्या जीपपासून दहा-बारा पावलांवर फुटले.

आफिफा बसली होती, त्याच बाजूचे ते पोते होते.

गाडी पुढच्या सपाट भागावर घसटत थांबली. विश्वंभरराव फाटकातून बाहेर गेले आणि वाळूच्या ढिगाजवळ उभे राहिले. मग रस्ता ओलांडून नासेरभाईंकडे गेले. दोघांत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. बोलणे फार नसावे, कारण नासेरभाईंनी त्यांना स्टूल दिले आणि दोघे तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी लांब खांब उतरले. चढ पुन्हा सव्वीस फुटांचा झाला. प्रत्येक डब्याची चाके मिस्त्रींनी उघडून पाहिली आणि शेजारी वहीत लिहून घ्यायला आफिफाला बसवले. माझा आस वाकला होता. तो सरळ होईल, पण भरवशाचा राहणार नाही, असे मिस्त्री म्हणाले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मला गाडीतून काढले, चाके उतरवली आणि फाटकाजवळ ठेवले. तीन डब्यांची गाडी आणखी चार वेळा पोती घेऊन फिरली. पाहणी करणारे लोक आले, त्यांनी कागद दिला, तेव्हा कुठे दिवाळीच्या सुट्टीत ती सुरू झाली.

लोक आले. पुष्कळांनी "येवढंच का?" असे विचारले. गटातली निम्मी माणसे निघून गेली. आफिफा पहिल्या फेरीला पहिल्या डब्यात बसली आणि उतरल्यावर लगेच पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. बालाजी तिसऱ्या दिवशी बसला. उतरल्यावर तो माझ्या कडेला धरून जरा वेळ उभा राहिला. सव्वीस फूट कमी आहेत, असे तो त्यानंतर कुणाला म्हणाल्याचे मी ऐकले नाही.

आता माझ्यात बसून लोक फोटो काढतात. थकलेल्या आजीबाई टेकतात. गेल्या महिन्यात बागेच्या मागे एक मोठा खड्डा खणला गेला आणि दोनच दिवसांत कुंपणाशी पुन्हा माणसे जमली. पाण्यातली गाडी येणार, असे बालाजीने गटात टाकले. विश्वंभररावांनी त्याच दुपारी तिथे पाटी लावली, 'येथे स्वच्छतागृहाचे काम चालू आहे.' बालाजीने पाटी वाचली, खड्डा पाहिला, पुन्हा पाटी वाचली. "तसं तर तसं," तो म्हणाला. "त्याची बी गरज व्हतीच."

मित्रांनो, तुम्ही अंदाज जरूर बांधा. वाट पाहण्यात गोडी असते ती त्यामुळेच, आणि ताडपत्रीखाली पडलेल्या माझ्यासारख्यालाही आपली कुणी आठवण काढते आहे असे वाटते. पण अंदाज सांगताना तो अंदाज आहे हे त्याच्यासोबत राहू द्या, आणि कुणी आपली चूक कबूल करायला आली तर तिचे पुरते ऐकून घ्या. यंत्राला टाळ्या कळत नाहीत. त्याला तेल कळते, माप कळते आणि वेळेवर पाहणारे डोळे कळतात. बागेत आलात तर माझ्यातही थोडा वेळ बसा. फक्त मागच्या बाकावर पाय आपटू नका. तिथला पत्रा आता पातळ झाला आहे.