बंद पडू द्यायचं नाही

वायरकाका हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलं आणि ते चपखल बसलं. उभा जन्म कारखान्यात फिटर म्हणून काढलेला हा माणूस घरी आला की हात धुवायच्या आधी कॉम्प्युटरला हात घालायचा. चपलांच्या कपाटातला वरचा खण त्यांनी केव्हाच बळकावला होता. तिथे त्यांनी जुन्या-नव्या सुट्या भागांतून स्वतः जुळवलेला सर्व्हर घुरघुरत असायचा. घरातले फोटो, गाणी, बिलं, सगळं त्याच्या पोटात. चपला बिचाऱ्या पलंगाखाली गेल्या. काकू म्हणायच्या, "सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती तिने."

या खुळाबद्दल काकूंनी नवऱ्याला मनापासून दाद दिली ती एकदाच. त्यांची एकुलती एक लेक ऐन कॉलेजच्या वयात आजारपणात गेली. तिचे सगळे फोटो आणि व्हिडिओ तेव्हा चारचौघांसारखे इंटरनेटवर एका कंपनीकडे साठवलेले होते. लेक गेल्याला वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात त्या कंपनीने आपण होऊन काकांच्या फोनवर तिचे फोटो पाठवले, एकामागून एक, वर उडती गाणी लावून. काका भरल्या ताटावरून उठले. म्हणाले, "आपली पोर परक्याच्या घरी का ठेवायची?" महिनाभर खपून त्यांनी तिला तिथून काढून घरच्या सर्व्हरवर आणलं आणि कंपनीकडचं सगळं पुसून टाकलं. तेव्हापासून दुपारची कामं उरकली की काकू फोन घेऊन बसत आणि लेक कपाटातून त्यांच्या हातात येई. त्या चपलांच्या कपाटाशी त्यांचं भांडण कायमचं मिटलं.

काका पक्के संशयी. चोराने मशीन उचलून नेलं तरी त्याला आतलं काही दिसू नये, म्हणून त्यांनी डिस्कलाच कुलूप घातलं होतं. मशीन सुरू होताना एकदा पासवर्ड द्यायचा. मग ते चालू आहे तोवर काही विचारत नसे. पासवर्ड कुठे लिहून ठेवा म्हटलं की काका हसत. "दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची, त्यातलीच गत."

मग काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग बाजारातून घरी यायचा रस्ता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हे आता वाढतच जाणार, म्हणाले. घरी आल्यावर काकूंनी पहिली गोष्ट विचारली ती पासवर्डची. काकांनी तोंड उघडलं आणि तसेच थांबले. "उद्या सांगतो," म्हणाले. पुढचे दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू कणीक मळत असताना मागे येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "गेला गं तो."

काकूंचा भाऊ दूरच्या शहरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. तो फोनवर म्हणाला, "ताई, घाबरू नकोस. मशीन चालू आहे म्हणजे कुलूप उघडंच आहे. मी रविवारी मोठी डिस्क घेऊन येतो आणि सगळं उतरवून घेतो. तोवर फक्त बंद पडू द्यायचं नाही."

झालं, काकूंनी कंबर कसली. बटणावर चिकटपट्टी मारली. वीज गेली तर म्हणून बॅटरीचा डबा आणून जोडला. झाडूपोछा करणाऱ्या बाईला कपाटाच्या वाऱ्यालाही उभं राहायची बंदी झाली. रात्री उठून त्या कपाटावर हात ठेवत; आतली घरघर तळव्याला लागली की परत येऊन पडत. काकांनाही त्यांनी बजावलं होतं. ते म्हणाले होते, "अगं, मला का कळत नाही?" आणि तेव्हा त्यांना कळत होतंच.

शनिवारी सकाळी काकू भाजी निवडत होत्या. काका सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते, चांगल्या तब्येतीत, शीळ घालत. मेहुणा यायचा म्हणून घर आवरावं, तसं त्यांनी तिथूनच कपाटातलं मशीन आवरायला घेतलं होतं. जुना कचरा काढला. कितीतरी अपडेट राहून गेले होते, तेही केले. आयुष्यभराची शिस्त, माणूस विसरला तरी हात विसरले नव्हते. शेवटी लॅपटॉपने विचारलं, आता सर्व्हर रीस्टार्ट करू का? काकांनी हो म्हटलं.

कपाटातली घरघर थांबली. काकूंच्या हातातली पालेभाजीची जुडी तशीच राहिली. त्यांनी वीज राखली, बटण राखलं, बाईला रोखलं. सोफ्यावरून कोणी मशीन बंद करू शकतं हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. घरघर पुन्हा सुरू झाली, पण काकूंच्या फोनवर लेक काही येईना.

काकांनी स्क्रीन आणून जोडला. काळ्या पडद्यावर एकच ओळ होती: पासवर्ड द्या. ती पाहिली आणि आपण काय केलं ते त्यांना उमगलं. काकूंना ओरडावंसं वाटलं. पण नवऱ्याचं तोंड इतकं लहान झालेलं त्यांनी लेकीच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

बराच वेळ गेला. मग काका एकदम म्हणाले, "अगं, तिचंच वाक्य ठेवलं होतं. कॉलेजला निघताना जिन्यातून ओरडायची ना, ते. अक्षरन् अक्षर तेच. मला नाही आठवत, पण तू रोज ऐकायचीस."

काकूंच्या जिवात जीव आला. लेक डोळ्यांपुढे उभी राहिली. खांद्यावरून घसरणारी बॅग, तोंडात पावाचा तुकडा, बुटाची सुटलेली नाडी. वळणावर ती थांबायची, मान वर करायची आणि काहीतरी वेडंवाकडं बोलायची; मग काकू वरून म्हणायच्या, "चल, चहाटळ कुठली." स्वतःचं उत्तर त्यांना लख्ख आठवत होतं. लेकीचे ओठ हलताना दिसत होते. शब्द येत नव्हते.

जिन्यातला तो व्हिडिओ त्यांनी गेल्याच आठवड्यात पाहिला होता. काकांची दुपारची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून. कायमच तसा पाहायच्या. आहे की घरात, जाते कुठे, असं वाटायचं. आता ते वाक्य त्या व्हिडिओत होतं आणि व्हिडिओ कुलपाच्या आत. नवऱ्याला निदान आजार होता. आपल्याला काय झालं होतं, हे त्या कोणाला विचारणार होत्या?

"आठवलं ना?" काकांनी विचारलं.

"हो," काकू म्हणाल्या, आणि काहीतरी टाईप केलं.

मशीनने नाही म्हटलं. काकांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "बोट चुकलं असेल," ते म्हणाले, "घाई नाही. सावकाश लिही."