जड चाकं

माझं वाटोळं काळुराम भोईरने केलं. दुकानदाराने नाही, जावयाने नाही, काळुरामने. मी एक शर्यतीची सायकल बोलतेय, आणि त्याचा मुलगा गणू बोलायचा तशीच बोलणार. माझ्याशी बोललेला माणूस तो एकटाच.

माझा जन्म विलायतेतला. कल्याणच्या लष्करी कॅम्पातल्या एका गोऱ्या शिपायाने मला बोटीतून आणलं. गोरे गेले, तसा तोही मला भंगारवाल्याकडे टाकून गेला. चाकं, सीट, हँडल कोणी कोणी काढून नेलं. उरलेल्या सांगाड्यावर कोंबड्या बसायच्या.

गणूने मला खांद्यावर टाकून ठाण्याला मीठबंदरला आणलं. शाळा त्याने सोडलेली. मास्तर म्हणाले, मिठागरातल्या पोराला भूमिती कशाला? हा म्हणाला, मग तुमचा फळाही नको.

दिवसभर बापाबरोबर मिठागरात, नंतर जुन्या सायकलींचा धंदा. मोडकी सायकल घ्यायची, छर्रे बदलायचे, तेलपाणी करून डोंबिवलीच्या एखाद्या कारकुनाला विकायची आणि त्यातून माझ्यासाठी एक भाग आणायचा. आधी सीट आली, मग फ्रीव्हील. खाली वळलेलं हँडल खोपटच्या पोपटकडून. हा पोपट जुन्या सायकली घेई-विकी, आणि त्याचा डोळा तेव्हापासून माझ्यावर. सगळ्यात शेवटी चाकं आली. मुलुंडच्या एका म्हाताऱ्या पारशाची, ॲल्युमिनियमच्या रिमांची, बोटावर तोलावीत इतकी हलकी. त्यांच्यासाठी गणू वर्षभर खपला.

वैशाखाच्या शेवटच्या रविवारी आग्रा रोडने ठाणे-कल्याण शर्यत होती. मुंबईच्या एका क्लबाचा माणूस बघायला येणार होता. पहिल्याला क्लबात घेणार, ओळखीने नोकरीही मिळणार. मिठागरातून सुटायला गणूला दुसरा रस्ता नव्हता. मिठाने टाचा फुटलेल्या. पॅडल मारताना तो त्यांना म्हणायचा, "एवढा महिना टिका गं बायांनो."

त्याच महिन्यात त्याच्या बहिणीचं, शकूचं लग्न ठरलं. सुपारी फुटताना खडवलीचे व्याही म्हणाले, "जावयाला सायकल पायजे." काळुरामने पाच माणसांत छाती फुगवली. "इलायती हाय घरात. दिली!"

गणूला विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. म्हाताऱ्यांना देण्याची भारी हौस, आणि देतात ते पोरांचं.

व्याह्यांनी मला बघितलं आणि हसायला लागले. "मडगार्ड नाय, क्यारेर नाय. आनि हँडल बगा, मेंढ्याची शिंगा! आमच्या दौलतनं हिच्यावर बसायचा का हिच्याशी टक्कर घ्यायची?"

काळुरामला ते लागलं. हळदीच्या सकाळी त्याने गणूला वाजंत्री आणायला भिवंडीला पाठवलं आणि मला ढकलत खोपटला नेलं.

पोपटने माझ्या चाकांवर टिचकी मारली. "बदलून देतो काका. हँडल पण. वर मडगार्ड, कॅरिअर, घंटी."

"तुझी चाका बरी हायत ना? फशिवशील मला."

"मग तराजूत टाका की."

काळुरामचा जन्म मीठ तोलण्यात गेलेला. भरेल तेवढं खरं, एवढंच त्याला ठाऊक. शेजारच्या वखारीतल्या तराजूत त्याने एकीकडे माझी चाकं ठेवली, दुसरीकडे पोपटची लोखंडी. लोखंडाचं पारडं दाणकन खाली बसलं. काळुरामला हसू आवरेना.

"आमची म्हंजे निस्ता जर्मनचा टोप रं, वजनच नाय! दुप्पट माल दिलास पोपटशेठ, बुडलास तू."

"बुडालो काका," पोपट म्हणाला, आणि माझी चाकं उचलून लगेच आत नेली.

गणू आला तेव्हा मी मंडपात उभी होते. हळदकुंकू लावलेलं, सरळ हँडलला झेंडूचा हार. त्याने माझं मागचं चाक उचलून बघितलं आणि सोडून दिलं.

"बाबा, माझी चाकं कुठायत?"

"दिली. ही बग कशी वजनदार हायत! पोपट्याला चांगला बुडवला."

"माझी होती ती. रविवारी शर्यत आहे माझी."

"घर माझा, पोरगा माझा, नि सायकल तेवडी तुझी? मान खाली घालून सायकल मारून कोन मोठा झालाय रं?"

मंडपातली सगळी मोठी माणसं खो खो हसली. एकजण तरी गप्प बसला असता.

गणू धावत खोपटला गेला. चाकं दुपारीच मुंबईच्या गिऱ्हाइकाबरोबर गेलेली. तो परत आला तेव्हा शकू माझ्याजवळ रडत उभी होती. "दादा, ही तू ठेव. मी सांगीन त्यांना."

"सायकलीशिवाय गेलीस तर जन्मभर बोलतील तुला. ने." त्याने माझी नवी घंटी एकदा वाजवून बघितली. "आवाज पण घाणेरडा आहे साला."

आता मी खडवलीला दौलतच्या गोठ्यात असते. कॅरिअरवर पेंडीची पोती. चढ आला की दौलत उतरून ढकलतो आणि शिव्या मला घालतो. रिमा गंजल्यात. शकू अधूनमधून फडक्याने पुसते.

काळुराम येतो कधीतरी. माझ्याजवळ थांबतो, चाकाला हात लावतो. "शके, काय कळला का गं त्याचा?" शकू फडकं उचलून आत जाते.

मोठ्या माणसांना माझं एकच मागणं आहे. पोराची वस्तू दुसऱ्याला देण्याआधी त्याला विचारा, ती कशासाठी ठेवली आहे. लाज वाटत असेल तर तोंड फिरवून विचारा, पण विचारा.

शकूची पाठवणी झाली त्याच दिवशी गणू घरातून गेला. शर्यतीत तो नव्हता. परत आला नाही. काळुरामला मुलगा तो एकच होता.