परत येण्याचा इरादा

मला वाटलं होतं, परत आल्यावर मी कोर्टात उभी राहून भाडेकरूंसाठी भांडेन. इंग्लंडला, लीड्समध्ये, आठ वर्षं मी हेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून कायदा शिकले होते: आमच्या पिनांग बेटावरच्या जुन्या दुकानघरांत पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं, त्यांना रस्त्यावर काढू पाहणारे मालक आणि मधोमध मी. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आली एक साठीची बाई आणि एक शर्ट, जो ती घरातल्या उघड्या चौकातल्या नळाखाली उकिडवी बसून घासत होती.

“वकिलीणबाई म्हणतात ती तूच का?” तिने मान वर न करता विचारलं. “मला वाटलं, चष्मा असेल.”

“मी अजून पुरती वकील नाही. येपसाहेबांच्या हाताखाली आहे.”

“बरंय मग. अर्धी फी.”

येपसाहेबांकडे फी नव्हतीच, हे तिलाही ठाऊक होतं. सगळी गल्ली तिला आ-को म्हणायची, आ-को म्हणजे आत्या, म्हणून मीही तेच म्हणू लागले. घर तिच्या नवऱ्याच्या नावावर भाड्याने होतं. त्याचं नाव क्वा तेंग-हुआत. एकोणीस वर्षांपूर्वी, एकतिसाव्या वर्षी तो मालबोटीवर चढला, पहिल्या वर्षी त्याची दोन पत्रं आली आणि मग काहीच आलं नाही. आ-को त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. या लग्नाला गल्ली तेव्हा खूप हसली होती, असं तिनेच मला सांगितलं. आता मालकाने घर खाली करायची नोटीस दिली होती. भाडेकरू घरात राहतच नाही, मग घर कशाला अडवून ठेवायचं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि शुक्रवारी सुनावणी होती.

तिने मला वर नेऊन त्याची खोली दाखवली. भिंतीला लागून पलंग, उशाशी कंगवा आणि दाढीचा ब्रश, खाली लाकडी सपाता, दाराकडे तोंड करून ठेवलेल्या. मी वहीत सगळं लिहून घेतलं. मला मनातून फार बरं वाटत होतं, कारण अशाच खुणा कायद्याला हव्या असतात.

संध्याकाळी घरी जाताना, फेरीबोटीच्या कठड्याला टेकून उभी असताना, काहीतरी खटकतंय असं वाटत राहिलं. बोट धक्क्याला लागली तेव्हा ते काय होतं ते कळलं. आ-को नवऱ्याच्या शर्टाची कॉलर घासत होती आणि फेस काळा निघत होता. एकोणीस वर्षं कोणी न घातलेल्या शर्टाची कॉलर मळते कशाने?

“खुणा आहेत गं, पण त्या बायकोने ठेवलेल्या,” येपसाहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले. “भाडेकरू घरी नसला तरी कायद्याला चालतो. पण दोन गोष्टी लागतात. परत येण्याचा इरादा, आणि त्या इराद्याची घरात दिसणारी खूण. इरादा त्याचा हवा. अठरा वर्षं पत्र नाही म्हटल्यावर न्यायाधीश म्हणणार, हा बायको टाकून गेला. टाकलेल्या बायकोसाठी मला फारसं काही करता यायचं नाही. विधवेसाठी येईल.”

“म्हणजे?”

“सात वर्षं खबर नसली की माणूस मेला असं धरता येतं. तिचं प्रतिज्ञापत्र आण. नवरा मेला असं मी मानते, एवढंच. मग भाडेकरूचा हक्क विधवेकडे जातो, घर तिच्याकडे राहतं. यापेक्षा सोपी केस तुला वर्षभरात मिळायची नाही.”

मी उड्या मारतच गेले. आ-कोने माझं सगळं ऐकून घेतलं. मग तिने टेबलावर दोन वाडगी ठेवली, पेज वाढली, खारवलेलं अंडं अर्धं अर्धं कापलं. एक वाडगं तिचं. दुसऱ्याशेजारी तिने जेवणाच्या काड्या आडव्या ठेवल्या आणि त्या बोटाने सरळ केल्या.

“मेला म्हणून सही केली, तर उद्यापासून या काड्या त्याच्या भातात उभ्या खोचाव्या लागतील,” ती म्हणाली. “मेलेल्यांच्या खोचतात तशा. उदबत्त्यांसारख्या.”

“आ-को, हा नुसता कागद आहे.”

“तुझ्यासाठी कागद. जेवायला तो माझ्याकडे बसतो.”

मी तिला हक्क समजावून सांगितला. माझा आवाज चढला असणार, कारण समोरच्या टोपल्यावाल्याने डोकावून पाहिलं. घर गेलं तर या खुणा ठेवणार कुठे, असं मी विचारलं. तुम्ही रस्त्यावर आलात तर तो परत येऊन शोधणार कुणाला? त्यावर तिने माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

“तू आठ वर्षं तिकडे होतीस. तुझ्या आईने काय ठेवलंय तुझं?”

मी परत आले तेव्हा माझ्या पलंगावर हॉस्पिटलातली एक नर्स झोपत होती आणि माझ्या कपाटात तिचे कपडे होते. आईचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिला वाटलं, ही आता तिकडचीच झाली. मी दिवाणखान्यात चटई टाकून निजत होते. आठ वर्षं एकही दिवस माझा इरादा बदलला नव्हता, पण घरात त्याची खूण कोणी ठेवली नव्हती. कायद्याच्या भाषेत, माझा हक्क कधीच गेला होता.

बुधवारी मालकाचा माणूस पाहणीला आला. च्वा त्याचं नाव, पोट सुटलेला, बोलायला मोकळाढाकळा, गल्लीतल्या प्रत्येकाला नावाने ओळखणारा.

“पोरी, इंग्लंडला जाऊन हे शिकलीस होय? सपाता मोजायला?” तो मला म्हणाला आणि आ-कोकडे वळला. “आ-को, मालक तुला आयर-इतामला छान खोली देतोय. लिफ्टवाली. नवरा आलाच तर मी स्वतः त्याला रिक्षात घालून आणून सोडेन, मग तर झालं?”

“तुझ्या रिक्षात तो मावायचा नाही. तूच मावत नाहीस.”

च्वा हसत हसत जिना चढला आणि लगेच, पावलांचा आवाज न करता, खाली आला. त्याने आवाज अगदी हळू केला होता.

“झोपलाय. उठला की सांग, मी येऊन गेलो.”

“कोण?” मी विचारलं.

“तेच मी तुम्हाला विचारतोय. भिंतीकडे तोंड करून झोपलाय. पोटभाडेकरू ठेवला असशील आ-को, तर सांगून ठेवतो, घर खाली करायला तेवढं कारणही पुरतं.”

तो गेल्यावर मी वर धावले. खोलीत कोणी नव्हतं. चादरीवर सुरकुती नव्हती, खिडकी आतून लावलेली होती. मी खाली वाकून पलंगाखालीसुद्धा पाहिलं आणि मग माझी मलाच लाज वाटली. उठताना हात टेकला तो उशाशेजारच्या कंगव्यावर. त्याच्या दातांत तीन-चार केस होते, आखूड, पिकायला लागलेले. आ-कोचे केस पांढरेशुभ्र होते आणि अंबाड्यात मावत नव्हते. एकतिसाव्या वर्षी गेलेला माणूस आता पन्नास वर्षांचा असता. त्याचे केस नेमके असेच असते, हा हिशोब मी कंगवा हातात धरून केला.

खाली येऊन मी विचारलं, “आ-को, वर कोणी राहतं का?”

“तेच तर तू कोर्टाला सांगणार आहेस ना?”

त्यानंतर मला एकच दिसत होतं. वर कोणी राहत असेल, तर तो एकतर तेंग-हुआत होता, नाहीतर पोटभाडेकरू. आणि तेंग-हुआतला मी कोर्टात उभं करू शकत नव्हते. उरला तो कागद. गुरुवारी सकाळपासून मी तिच्यापाशी बसून होते. वाद घातला नाही, नुसती बसून राहिले, आणि दुपारी ती स्वतःच म्हणाली, “आण इकडे. तू चटईवर निजतेस म्हणतात. घरची केस हरलीस, माझ्यापायी आणखी एक हरू नकोस.”

तिने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. घरात काहीच झालं नाही. चौकातून ऊन तसंच खाली येत राहिलं. तिने अंगठा पुसला, दोन वाडगी घेतली, भात वाढला, काड्या उचलल्या आणि मग त्या हातात धरून ती उभीच राहिली. आडव्या ठेवता येत नव्हत्या, उभ्या खोचवत नव्हत्या. मी कागद पिशवीत घालत होते. ती किती वेळ तशी उभी होती कुणास ठाऊक. भाताची वाफ थांबली होती, एवढं आठवतं.

शेवटी तिने ते वाडगं माझ्यासमोर सरकवलं आणि काड्या माझ्या हातात दिल्या.

“तू खा. भूक लागली असेल.”

मला खरंच भूक लागली होती. मी त्या जागेवर बसून जेवले. तळलेली खारी मासळी होती, मुळ्याचं तिखट लोणचं होतं. समोर बसून ती माझ्याकडे पाहत होती, आणि आठ वर्षांत कोणी मला जेवताना असं पाहिलं नव्हतं. जेवण झाल्यावर ती म्हणाली, “डोळे बघ कसे झालेत. वर जाऊन पड जरा.” त्यात काहीच वावगं वाटलं नाही. दुपारचं कडक ऊन होतं आणि आठवडाभर माझी धड झोप झाली नव्हती.

वरच्या खोलीत गारवा होता. चादरीला उन्हात वाळल्याचा वास येत होता. मी भिंतीकडे तोंड करून झोपले, कारण पलंगाचा खोलगट भाग त्या कुशीवरच अंगाला बसत होता. झोप लागता लागता जिन्यावर कोणाची तरी पावलं वाजली, दारापर्यंत आली आणि मग अगदी हळू, आवाज न करता परत गेली. कोण आहे ते बघायला हवं होतं, पण कूस बदलावीशी वाटली नाही.

जाग आली तेव्हा चौकातलं ऊन भिंतीवर चढलं होतं आणि खालून आ-को हाक मारत होती. “उठलास का? कोपी गार होतेय.”

मी आले म्हणाले. जिना उतरताना पायांत सपाता होत्या. मी त्या कधी घातल्या ते आठवलं नाही, आणि शेवटच्या पायरीवर आल्यावर लक्षात आलं, त्या मला सैल होत नव्हत्या. आ-कोने माझ्या पायांकडे पाहिलं नाही. तिने कॉफीत तीन चमचे साखर घातली. मी कधीच साखर घेत नाही. तरी ती मला हवी तशी झाली होती.

त्या संध्याकाळी मी फेरीबोटीवर गेलेच नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, सुनावणीला दोन तास असताना मी येपसाहेबांच्या कचेरीत गेले. प्रतिज्ञापत्र पिशवीत होतं. रस्ताभर मी फक्त हक्काचा विचार करत होते. न्याय कशासाठी असतो, कायदा माणसाकडे काय मागतो, आणि ज्याची एकोणीस वर्षं कोणी रोज वाट पाहिली त्याला मेला म्हणून लिहून द्यायला मी कोण. ज्याचा इरादा आहे आणि ज्याची खूण घरात आहे, त्याचं घर कोणी काढून घेऊ शकत नाही. आठ वर्षं शिकून मला एवढंच कळलं होतं, आणि जिना चढेपर्यंत माझा निर्णय झाला होता. मी पिशवीतून कागद काढला, उभा आडवा फाडला आणि टेबलावर ठेवला.

येपसाहेब खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. त्यांनी फक्त तुकड्यांकडे पाहिलं.

“हे काय?”

“याची गरज नाही. भाडेकरू परत आलाय.”

“आलाय? कधी आला?”

“काल दुपारी आलो,” मी म्हणालो.

येपसाहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग ते लगबगीने उठले, कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्यांनी तिच्यावरच्या फायली उचलल्या आणि हाताने ती झटकली.

“बसा ना,” ते म्हणाले. “उभे का?”